जनुकाची सुरगाठ : डीएनए पेशीत पोचवणारी पेप्टाइडं

2021 च्या सुरुवातीला मुंबईतल्या एका तान्ह्या मुलीसाठी लोकवर्गणीतून 16 कोटी रुपये उभे राहिले होते, ते अनेकांना आठवत असेल. आजार होता स्पायनल मस्क्युलर अॅट्रोफी (स्नायू दुबळे करत नेणारा जनुकीय आजार), आणि औषध म्हणजे अमेरिकेहून मागवायचं एकच इंजेक्शन. त्यावरचा कोट्यवधींचा आयात कर सरकारने माफ केला, तीही बातमी झाली. तेव्हापासून अशी आवाहनं अधूनमधून येतच असतात आणि दर वेळी लोक विचारतात, त्या एका इंजेक्शनमध्ये असतं तरी काय?

त्यात असते बाळाच्या शरीरात नसलेल्या जनुकाची चांगली प्रत. पण जनुक तयार करणं आज स्वस्त आहे. महाग आहे ते वाहन. ते जनुक एका निरुपद्रवी केलेल्या विषाणूत भरून पाठवावं लागतं आणि माणसाला टोचता येतील इतके शुद्ध विषाणू वाढवणं हे फार खर्चाचं, फार जोखमीचं काम आहे. किमतीमागे इतर कारणंही आहेतच, पण हे त्यातलं मोठं. म्हणून विषाणूशिवाय जनुक पेशीत पोचवता येईल का, यावर जगभर काम चाललं आहे. त्यातली मला सर्वांत आशेची वाटणारी एक वाट म्हणजे मुद्दाम फेरफार केलेली पेप्टाइडं, म्हणजे प्रथिनांसारख्याच पण आखूड माळा. ती वाट कशी आहे आणि अजून कुठे अडते आहे, हे पाहू.

## जनुक नुसतं टोचलं तर?

जनुक म्हणजे डीएनएचा असा तुकडा, ज्यात एखादं प्रथिन कसं बनवायचं ते लिहिलेलं असतं. प्रयोगशाळेत तो बहुधा प्लाझ्मिडमध्ये बसवतात. प्लाझ्मिड म्हणजे डीएनएचं बंद कडं. जीवाणूंमध्ये अशी कडी निसर्गतःच असतात, त्यामुळे जीवाणू वाढवले की हव्या तेवढ्या प्रती मिळतात.

हे कडं उघडंच रक्तात सोडलं, तर रक्तातली विकरं (एन्झाइम) काही मिनिटांत त्याचे तुकडे करतात. जे वाचतं त्याला पेशी आत घेत नाही. पेशीभोवती मेदाचं पटल असतं, जेमतेम 5 नॅनोमीटर जाडीचं (10 लाख नॅनोमीटर म्हणजे एक मिलिमीटर). पटलाचा गाभा तेलकट, तर डीएनए पाण्यात रमणारा. पटलाच्या बाहेरच्या अंगावर ऋण विद्युतभार असतो आणि डीएनएवरही ऋणभारच. तोही थोडाथोडका नाही. 5,000 जोड्यांच्या (डीएनएचा मजकूर रासायनिक अक्षरांच्या जोड्यांत लिहिलेला असतो) मध्यम आकाराच्या प्लाझ्मिडवर 10,000 ऋणभार असतात. सारखे भार एकमेकांना दूर लोटतात. शिवाय ते कडं कापून सरळ केलं, तर त्याची लांबी 1,700 नॅनोमीटर भरेल.

याचा अनुभव आपल्याकडचाच आहे. 2021 मध्ये भारताने परवानगी दिलेली झायकोव्ह-डी ही माणसांसाठीची जगातली पहिली डीएनए लस. तिच्यात प्लाझ्मिड उघडंच होतं. ते सुईऐवजी द्रवाच्या जोरदार झोताने त्वचेत घुसवायचे. एका मात्रेत 2 मिलिग्रॅम डीएनए, आणि मात्रा तीन. फायझरच्या आरएनए लशीच्या एका मात्रेत 30 मायक्रोग्रॅम आरएनए असायचा, म्हणजे साठपटीहूनही कमी. दोन्ही लशींची जात वेगळी, त्यामुळे ही तुलना काटेकोर नाही. तरी उघड्या डीएनएतला किती भाग वाटेतच वाया जातो, याचा अंदाज त्यावरून येतो.

## विषाणूंना हे जमतं, मग त्यांनाच पाठवू या की

कोट्यवधी वर्षांत विषाणू हेच तर शिकले आहेत. त्यांच्यातलं रोगाचं जनुक काढून आपलं घातलं की काम होतं. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या संशोधनातून आलेल्या, 2023 मध्ये परवानगी मिळालेल्या नेक्सकार-19 या रक्ताच्या कर्करोगावरच्या उपचारातही रुग्णाच्या पेशींत नवं जनुक घालण्याचं काम विषाणूवरच सोपवलेलं आहे. तिथे ते शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात होतं.

शरीराच्या आत मात्र विषाणूंच्या मर्यादा लवकर जाणवतात. आपली रोगप्रतिकारशक्ती विषाणू ओळखायलाच घडलेली आहे. 1999 मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या एका चाचणीत जेसी गेल्सिंगर हा 18 वर्षांचा तरुण वाहक विषाणूविरुद्ध उसळलेल्या प्रतिक्रियेने दगावला आणि हे सगळं क्षेत्र कित्येक वर्षं मागे गेलं. आजचे वाहक त्याहून पुष्कळ सौम्य आहेत. तरीही 2025 मध्ये ड्युशेन या स्नायूंच्या आजारावर विषाणूवाहित उपचार घेतलेल्या दोन किशोरवयीन मुलांचा यकृत निकामी होऊन मृत्यू झाला.

दुसरी अडचण अशी की एकदा हा विषाणू टोचला की शरीरात त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात आणि तेच औषध पुन्हा देता येत नाही. तिसरी अडचण जागेची. सध्या सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या एएव्ही विषाणूत साधारण 4,700 जोड्या मावतात. ड्युशेनमध्ये बिघडलेल्या डिस्ट्रोफिन प्रथिनाचा नुसता मजकूरच 11,000 जोड्यांचा आहे. तो कापून, आखूड करून पाठवावा लागतो. पेप्टाइडला अशी ठरीव पोकळी नसते. मोठा डीएनए असेल तर पेप्टाइड जास्त घालायचं.

## पेप्टाइड म्हणजे काय?

अमिनो आम्लांची माळ. माळ लांब असली की तिला प्रथिन म्हणतात, आखूड म्हणजे साधारण पन्नासच्या आत असली की पेप्टाइड. निसर्गात अमिनो आम्लं मुख्यतः वीस प्रकारची आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. आपल्या कामाची दोन आहेत, लायसिन आणि आर्जिनिन. दोन्हींवर धनभार असतो, म्हणून ती ऋणभारित डीएनएला चिकटतात.

हा शोध माणसाने लावायच्या कितीतरी आधी निसर्ग ही युक्ती वापरतो आहे. आपल्या प्रत्येक पेशीत सुमारे दोन मीटर डीएनए काही मायक्रोमीटरच्या केंद्रकात मावतो, तो लायसिन-आर्जिनिनने भरलेल्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळला जातो म्हणून. शुक्रपेशीत जागा आणखी कमी, तिथे मुख्यतः आर्जिनिनची बनलेली प्रोटामिन असतात. डीएनए पहिल्यांदा वेगळा करणाऱ्या फ्रीडरिश मीशर यांनाच पुढे, 1874 मध्ये, सामन माशाच्या शुक्रपेशींत प्रोटामिनही सापडलं. डीएनए आणि त्याला बांधणारं पेप्टाइड, दोन्ही एकाच माणसाच्या हाती लागली. त्यांचा असा उपयोग मात्र शंभर वर्षं कुणाच्या डोक्यात आला नाही.

1987 मध्ये अमेरिकेतल्या जॉर्ज वू आणि कॅथरिन वू यांनी लायसिनच्या लांब माळेला यकृताच्या पेशी ओळखतात असं एक प्रथिन जोडलं, त्यावर डीएनए बांधला आणि तो यकृताच्या पेशींत पोचवून दाखवला. विषाणूवाचूनही हे होऊ शकतं, हे त्या कामाने दिसलं.

## एचआयव्हीकडून मिळालेला धागा

1988 मध्ये अमेरिकेतल्या दोन गटांना स्वतंत्रपणे एक चमत्कारिक गोष्ट दिसली. एचआयव्हीचं टॅट नावाचं प्रथिन पेशींच्या भांड्यात नुसतं टाकलं, तर ते आपोआप पेशींत शिरत होतं. एवढं मोठं प्रथिन असं शिरू नये, असंच तोवर सगळे मानत होते. 1991 मध्ये पॅरिसमध्ये आलँ प्रोशियान्त्झ यांच्या गटाला फळमाशीच्या एका प्रथिनात तोच गुण आढळला. पुढे कळलं की अख्खं प्रथिन लागतच नाही. फळमाशीच्या प्रथिनातला 16 अमिनो आम्लांचा तुकडा पुरतो. टॅटमधला तर नऊचाच, आणि त्या नवांपैकी आठ लायसिन किंवा आर्जिनिन.

या तुकड्यांना पेशीभेदी पेप्टाइडं म्हणतात. ती पटल थेट भेदून आत जातात, असं बरीच वर्षं वाटत होतं. मग 2003 मध्ये फ्रान्समधल्या बर्नार्ड लेब्लू यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं की सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याआधी पेशी रसायनाने स्थिर करतात, त्या प्रक्रियेतच पेप्टाइड आत पसरतं आणि फसवं चित्र दिसतं. टॅटचा आखूड तुकडा 1997 मध्ये पुढे आणणारी प्रयोगशाळा हीच. स्वतःच्याच विषयावरची लाडकी समजूत तिने स्वतः तपासून खोडली, याबद्दल मला फार आदर वाटतो. जिवंत पेशींत पाहिलं तर बहुतेक पेप्टाइड पटलाला चिकटत होतं आणि पेशी त्याला एका पिशवीत घेऊन आत ओढत होती. या पिशवीचं नाव एंडोसोम. खरी लढाई त्या पिशवीत असते.

## निरगाठ नको, सुरगाठ हवी

परकराची नाडी बांधताना आई सांगते, निरगाठ मारू नकोस, सुरगाठ मार. दिवसभर टिकली पाहिजे आणि एक टोक ओढलं की सुटली पाहिजे. पेप्टाइड आणि डीएनए यांची गाठ नेमकी अशी लागते. रक्तात ती घट्ट राहिली पाहिजे, नाहीतर विकरं डीएनए खाऊन टाकतील. केंद्रकात ती सुटली पाहिजे, नाहीतर पेशीला जनुक वाचताच येणार नाही. लायसिनची लांब माळ ही निरगाठ. घट्ट बसते, पण सुटत नाही, वर पेशीला विषारीही ठरते. म्हणून पेप्टाइडमध्ये फेरफार करतात, आणि प्रत्येक फेरफार वाटेतल्या एका ठरावीक अडथळ्यासाठी असतो.

पहिला आणि सर्वांत अवघड अडथळा ती पिशवी. एंडोसोम आत गेल्यावर आंबट होत जातो. बाहेर सामू, म्हणजे पीएच, 7.4 असतो. पिशवीत तो 6 च्या खाली जातो आणि शेवटी 5 च्याही खाली, जिथे आतलं सगळं पचवलं जातं. त्याआधी बाहेर निसटायला हवं. इथे हिस्टिडिन हे अमिनो आम्ल कामी येतं. रक्ताच्या सामूला ते जवळजवळ भाररहित असतं, सामू 6 च्या आसपास आला की धनभार घेतं. म्हणजे हिस्टिडिन पेरलेलं पेप्टाइड रक्तात शांत असतं आणि पिशवीत आल्यावर जागं होऊन तिचं पटल फाडायला लागतं.

याच अडथळ्यावर दुसऱ्या बाजूने केलेलं काम मला विशेष सुंदर वाटतं. 1987 मध्ये कॅलिफोर्नियात गाला नावाचं 30 अमिनो आम्लांचं पेप्टाइड बनवलं गेलं. साध्या सामूला ते सैल दोऱ्यासारखं, आंबट झालं की पीळ घेऊन पटलात घुसणारं. पण त्यावर ऋणभार होता, म्हणून ते डीएनएला धरत नव्हतं. 1997 मध्ये त्यात लायसिन घालून काला आलं. ते डीएनए धरतं आणि पटलही फोडतं. पुढे बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात हेलन मॅकार्थी यांच्या गटाने लायसिनच्या जागी आर्जिनिन बसवून राला तयार केलं. तीस मण्यांच्या माळेतले काही मणी बदलत बदलत हे काम सुमारे पाव शतक चाललं.

बाकीचे फेरफार थोडक्यात सांगतो. माळेच्या टोकाला स्टिअरिक आम्ल जोडतात. हे तुपात असतं तेच मेदाम्ल. त्यामुळे पेप्टाइड तेलकट पटलाशी सलगी करतं आणि डीएनएभोवती अधिक घट्ट गोळा होतं. स्टॉकहोम आणि एस्टोनियातल्या टार्टू इथे उलो लांगेल यांच्या गटाने बनवलेली पेपफेक्ट ही मालिका याच तत्त्वावर आहे. दुसरा फेरफार सिस्टीनचा. दोन सिस्टीन एकमेकांना गंधकाच्या बंधाने धरतात. पेशीच्या आत ग्लुटाथायोन हे रसायन बाहेरच्यापेक्षा शेकडोपट जास्त असतं आणि ते हा बंध तोडतं. बाहेर बांधलेली, आत सुटणारी अशी गाठ यातून मिळते. तिसरा, अमिनो आम्लांची आरशातली रूपं वापरणं. शरीरातली प्रथिनं कापणारी विकरं ती रूपं ओळखत नाहीत, म्हणून पेप्टाइड जास्त टिकतं. चौथा, पीईजी नावाचं पाण्यात रमणारं आवरण चढवणं, म्हणजे रक्तातली प्रथिनं येऊन चिकटत नाहीत. आणि पाचवा, केंद्रकाचा परवाना. ज्या प्रथिनांना केंद्रकात जायचं असतं त्यांच्यावर सात-आठ अमिनो आम्लांची एक खूण असते. तीच खूण पेप्टाइडला जोडतात.

‘फेरफार केलेलं पेप्टाइड’ ही काही अनोखी वस्तू नव्हे. वजन आणि मधुमेहावरचं सेमाग्लुटाइड सध्या घरोघरी चर्चेत आहे. तेही शरीरातल्या एका पेप्टाइडची बदललेली आवृत्तीच आहे. दोन अमिनो आम्लं बदलली आहेत आणि 18 कार्बनची मेदाम्लाची शेपटी जोडली आहे, म्हणून ते काही मिनिटांऐवजी आठवडाभर टिकतं.

## माणसांवर कधी वापरलं आहे का?

वापरलं आहे. अमेरिकेत क्लीव्हलँडच्या संशोधकांनी एक सिस्टीन आणि 30 लायसिन यांच्या माळेला पीईजी जोडून कण बनवले. त्यातले काडीसारखे कण सुमारे 10 नॅनोमीटर जाडीचे होते, म्हणजे केंद्रकाच्या छिद्रातून जातील इतके बारीक. सिस्टिक फायब्रोसिस या आजारात पेशीतून क्षार बाहेर सोडणारं प्रथिन बिघडतं. त्या प्रथिनाचं चांगलं जनुक या कणांत भरून 12 रुग्णांच्या नाकात सोडलं. 2004 मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. गंभीर त्रास कुणाला झाला नाही, आणि 12 पैकी 8 जणांच्या नाकाच्या अस्तरात क्षारांची ये-जा काही अंशी तरी सुधारल्याच्या विद्युत खुणा दिसल्या. परिणाम बहुतेकांत काही दिवसांत ओसरला. हे काम पुढे औषधापर्यंत पोचलं नाही.

## आरएनए लशींतले मेदकण आहेतच, मग पेप्टाइड कशाला?

रास्त शंका आहे. कोविडच्या लशींनी मेदकण, म्हणजे आत आरएनए भरलेले मेदाचे सूक्ष्म गोळे, सिद्ध करून दाखवले, आणि पुण्यात जेनोव्हाने बनवलेल्या आरएनए लशीलाही 2022 मध्ये परवानगी मिळाली. पण आरएनएला पेशीच्या आत पोचलं की पुरतं, डीएनएला पुढे केंद्रकातही जावं लागतं. जी पेशी विभागत नाही, जशी चेतापेशी किंवा स्नायूपेशी, तिथे केंद्रकाभोवतीची ही दुसरी भिंत कधी उघडत नाही, फक्त तिच्यातली बारीक छिद्रं असतात. शिरेतून दिलेले मेदकण बहुतांशी यकृतात जाऊन बसतात, हीही त्यांची मर्यादा. आणि पिशवीची अडचण त्यांनाही सुटलेली नाही. 2013 मध्ये मेदकणांवर केलेल्या एका मोजणीत आत गेलेल्या मालापैकी 1 ते 2 टक्केच पिशवीतून निसटलेला आढळला. पेप्टाइडमध्ये एकेक अमिनो आम्ल बदलून परिणाम तपासता येतो, म्हणून या ठिकाणी त्याच्याकडून अपेक्षा आहे. मेदकणांवर पेप्टाइड बसवून दोन्हींचा मेळ घालायचेही प्रयत्न चालू आहेत.

## माझा मूळ डीएनए बदलेल का?

बहुतेक नाही. प्लाझ्मिड केंद्रकात जाऊन वेगळं कडं म्हणूनच राहतं. ते आपल्या गुणसूत्रात घुसण्याची शक्यता अगदी कमी असते, पण शून्य नसते, म्हणून चाचण्यांत ती तपासावी लागते. उलट बाजू अशी की पेशी विभागत गेली की ते कडं विरळ होत जातं आणि परिणाम संपतो. जन्मभराच्या आजारासाठी औषध पुन्हा पुन्हा द्यावं लागेल. विषाणूच्या बाबतीत हे अशक्यप्राय आहे, पेप्टाइडच्या बाबतीत निदान दार बंद नाही.

## धनभारित पदार्थ रक्तात सोडणं धोक्याचं नाही का?

आहे, आणि मला वाटतं याबद्दल पुरेसं बोललं जात नाही. जे पेप्टाइड पिशवीचं पटल फाडतं, ते तांबड्या पेशीचंही फाडू शकतं. धनभारित कणांना रक्तातली ऋणभारित प्रथिनं चिकटतात, कण एकमेकांत गोळा होतात आणि फुफ्फुसाच्या केशवाहिन्यांत अडकू शकतात. आर्जिनिनयुक्त पेप्टाइड जोडलेल्या ड्युशेनवरच्या एका औषधाने काही रुग्णांच्या रक्तातलं मॅग्नेशियम उतरलं आणि 2024 मध्ये त्याचं काम थांबवण्यात आलं. त्यात डीएनए नव्हता, जनुकाच्या संदेशावर बसणारा छोटा कृत्रिम रेणू होता, पण पेप्टाइडचा धडा तोच. शिवाय केंद्रकाबाहेर परका डीएनए दिसला की पेशी त्याला संसर्ग समजून दाह सुरू करते. वाहन कितीही सौम्य असलं तरी मालामुळे उठणारी ही आरोळी राहतेच.

म्हणूनच आजवर पेप्टाइडने डीएनए पोचवणारं एकही औषध बाजारात नाही. प्रयोगशाळेत मात्र ही पेप्टाइडं रोज वापरली जातात.

## आपल्याकडे काही काम आहे का?

आहे. दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संस्थेत मुनिया गांगुली यांच्या गटाने आर्जिनिन, हिस्टिडिन आणि दोन्ही टोकांना सिस्टीन असलेलं पेप्टाइड बनवून सुई न टोचता, त्वचेवर लावून प्लाझ्मिड आत पोचवण्याचं काम केलं आहे. त्वचेची निवड मला शहाणपणाची वाटते. रक्तातून सगळ्या शरीरभर प्रवास नाही, माल गेला कुठे ते डोळ्यांनी दिसतं, आणि काही बिघडलं तर ते तेवढ्याच जागेपुरतं राहतं.

शेतीकडेही एक वाट जाते. जपानच्या रिकेन संस्थेत केजी नुमाता यांच्या गटाने लायसिन आणि हिस्टिडिन आलटून पालटून गुंफलेल्या 18 मण्यांच्या माळेला पेशीभेदी तुकडा जोडला आणि त्यातून तंबाखूसारख्या वनस्पतींच्या पानांत डीएनए घातला. एरवी हे काम एका जीवाणूकडून करून घेतात, पण सगळी पिकं त्याला दाद देत नाहीत.

## मग 16 कोटींचं औषध स्वस्त होईल?

पेप्टाइड यंत्रावर, एकेक अमिनो आम्ल जोडत बनवता येतं. ही पद्धत ब्रूस मेरीफिल्ड यांनी 1963 मध्ये मांडली आणि तिच्यासाठी त्यांना 1984 चं नोबेल मिळालं. तीस मण्यांचं पेप्टाइड आणि जीवाणूंत वाढवलेलं प्लाझ्मिड, दोन्ही बनवायला विषाणूंपेक्षा पुष्कळ सोपं आणि साठवायलाही. उत्पादनाचा खर्च नक्की उतरेल. विक्रीची किंमत उतरेल की नाही, ते पेटंट, चाचण्यांचा खर्च आणि सरकारची खरेदी यांवर ठरेल. ज्या आई-वडिलांना मोबाइलवर मदतीची आवाहनं फिरवावी लागतात, त्यांच्या दृष्टीने यातला दुसरा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे.

तोवर अशी एखादी बातमी वाचनात आली तर तीन गोष्टी शोधाव्यात. प्रयोग भांड्यातल्या पेशींवर झाला की जिवंत प्राण्यावर? भांड्यात झाला असेल तर पेशींसोबत रक्तद्रव होतं का? कारण कितीतरी पेप्टाइडं रक्तद्रव घालताच निकामी होतात. आणि जनुक आत गेलं एवढंच सांगितलं आहे, की त्यातून प्रथिन तयार झालं, किती झालं आणि किती दिवस टिकलं, तेही मोजलं आहे?